झाकलेली टोपली

लाँड्रीत सगळे तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे कडकताई. हे तिला ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडतही होतं. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, टेबलावरची कापडं असं सगळं तिथे धुवायला येई आणि तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. चादरीवर एक सुरकुती दिसली की चादर परत. अभ्र्याच्या कोपऱ्यात ओल लागली की अभ्रा परत, आणि तो पुढे ढकलणाऱ्याची सगळ्यांसमोर हजेरी. मोठी दुहेरी चादर ती एकटी, कुणाला दुसरं टोक धरायला न सांगता, हनुवटीत दाबून अशी घडी करायची की नवी माणसं हातातलं काम सोडून बघत राहत. मग त्यांचीही हजेरी. वाफेच्या इस्त्रीने तिचे हात कोपरापर्यंत डागाळले होते. कुणी हळहळलं तर म्हणायची, "नवऱ्याने दिलेले दागिने नाहीत ना, मग हेच मिरवते."

नवरा नव्हताच. आई गेली तेव्हा धाकटी बहीण शाळेत होती. ही लाँड्रीत लागली ती तेव्हापासून. धाकटीचं शिक्षण, धाकटीचं लग्न, यात स्वतःचं राहूनच गेलं, आणि राहून गेलं म्हणून ती रडत बसली नाही. एकदा बॉयलरचा पाइप फुटला होता, सगळे जीव घेऊन अंगणात पळाले, आणि हिने डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून आत जाऊन झडप बंद केली होती. मालकसुद्धा तिच्याशी बोलताना आधी घसा साफ करत. अशा बाईला कशाची भीती वाटत असेल, असं कुणालाही वाटावं.

तिला भीती वाटली ती एका उशीएवढ्या जिवाची.

धाकटीला मुलगी झाली. बाळंतीण घरी आली, आणि काही दिवसांतच टाके पिकले, ताप चढला तो उतरेना. पुन्हा हॉस्पिटलात भरती. वॉर्डात तान्ह्या बाळाला ठेवू देणार नाहीत, डॉक्टर म्हणाले, संसर्ग व्हायचा. धाकटीचा नवरा बोटीवर नोकरीला; बोट समुद्रात, आणि तो काही उडी मारून पोहत यायचा नव्हता. तापलेल्या हाताने धाकटीने ताईचं मनगट धरलं.

"ताई, दुसऱ्या कुणाकडे देणार नाही मी हिला. तुझ्याकडे असली की मला झोप लागेल."

"झोप तू. मी आहे ना," ताई म्हणाली. म्हणताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण बाळाला घेऊन जिना उतरताना तिने कठडा सोडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला जिन्याची भीती वाटत होती.

बाळ रडायचं. सगळीच बाळं रडतात, पण हे बाळ रडणं सोडून दुसरं काही करतच नव्हतं म्हटलं तरी चालेल. दूध पिताना मधेच बाटली सोडून रडायचं. दूध संपलं की संपलं म्हणून रडायचं. कपडे बदलले की रडायचं आणि नाही बदलले तरी रडायचं. मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, तोंड लालबुंद करून असं रडायचं की मधेच श्वास अडकायचा. मग एक क्षणभर काहीच आवाज नाही. पुढचा हुंदका आला की ती भिंतीला टेकायची.

तिने सगळं करून पाहिलं. खांद्यावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घातल्या. पालथं मांडीवर घेऊन पाठ थोपटली. नळ सोडून ठेवला, पंखा लावला, पंखा बंद केला. अंगाई तिला येत नव्हती. तिच्या तोंडात आयुष्यभर एकच गाणं बसलेलं, तेच ती म्हणायची, "पांढरं वेगळं, रंगीत वेगळं, डागाचं आधी भिजत घाल." बाळाला ते पसंत नव्हतं. शेजारीण दाराशी येऊन म्हणाली, पोट दुखत असेल. वरच्या मजल्यावरची म्हणाली, भूक पुरत नसेल. समोरचे आजोबा म्हणाले, फार अंगावर घेता तुम्ही, सवय लागते. ताईने तिघांचंही ऐकून घेतलं, हेच मोठं नवल. एरवी तिने तिघांनाही दारात उभं केलं नसतं.

बाळांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, कान पाहिले, वजन पाहिलं. "तब्येत छान आहे. काही बाळं अशीच रडतात. कारण सापडत नाही, काही महिन्यांत आपोआप कमी होतं."

"काही महिने?" ताई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे जरा नीट पाहिलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, उलटा घातलेला स्वेटर. "एक सांगते. तुमचा तोल जातोय असं वाटलं, तर तिला सुरक्षित जागी ठेवा आणि दुसऱ्या खोलीत जा. दहा मिनिटं रडली तर काही बिघडत नाही. हातात घेऊन चिडण्यापेक्षा ते बरं."

"मी चिडत नाही," ताई म्हणाली. ते खोटं नव्हतं. ती चिडायची नाही, घाबरायची. पण घाबरलेले हात आणि चिडलेले हात यांच्यात फरक किती, हे तिला नक्की सांगता आलं नसतं. ओल्या चादरी पिळून पिळून तिच्या पंजात पुरुषाला लाजवेल अशी ताकद आली होती. बाळाच्या बरगड्या तिच्या तळव्याखाली चिमणीच्या पिसांसारख्या लागायच्या. आपण कधीतरी, न कळत, जरासं जास्त दाबू, असा विचार तिच्या डोक्यात शिरला, आणि शिरला तो काही केल्या निघेना. बाळाला उचलताना ती आधी हात पदराला पुसायची, जणू हातांवर काही लागलंय.

ताईने घेतलेली सुट्टी संपली. घरी ठेवायला कुणी नव्हतं. मालकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आणा इकडेच." ताईने इस्त्रीच्या टेबलाशेजारी, वाफेपासून लांब, जाड गोधडी घालून एक कोपरा केला.

तिथे एक चमत्कार झाला. धुतलेल्या कपड्यांतलं पाणी काढायचं मोठं मशीन मागच्या दाराशी होतं. ते फिरायला लागलं की सगळी जमीन गुणगुणायची. ते सुरू झालं की बाळ रडता रडता थांबायचं. भुवया वर करून ऐकायचं. मशीन थांबलं की पुन्हा सुरू. घड्या घालणारी एक पोरसवदा बाई होती, तोंडाला अजिबात विसावा नसलेली, म्हणून तिला चिमणी म्हणत. ती म्हणाली, "ताई, आपल्या लाँड्रीत आता दोन भोंगे झाले. एक विजेवर चालतो, एक दुधावर."

"काम कर," ताई म्हणाली, पण हजेरी घेतली नाही. चिमणीने नंतर ही गोष्ट सगळ्यांना सांगितली.

आता टोपल्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

तयार कपडे वेताच्या मोठ्या टोपल्यांतून जात. पूर्वी टेम्पोवाला यायचा आणि दाराशी दिसेल ती टोपली उचलायचा. एकदा त्याने अर्धवट वाळलेले टॉवेल नेले, हॉटेलवाल्यांनी आरडाओरडा केला, मालकांचं नाक कापलं गेलं. तेव्हा ताईने नियम घातला. उघडी टोपली म्हणजे काम बाकी, तिला हात लावायचा नाही. वर पांढरं कापड घालून चारही कोपरे आत खोचलेली टोपली म्हणजे तयार. ती उचलायची आणि न्यायची. उघडून बघायचं नाही, विचारायला यायचं नाही. "मी झाकली म्हणजे झाली. माझ्या कापडावर शंका घ्यायची नाही." वर्षानुवर्षं हा नियम चालला होता आणि कधी चूक झाली नव्हती. ताईचे हात आता टोपली भरली की आपोआप कोपरे खोचायचे. डोकं दुसरीकडे असलं तरी हात खोचायचे.

टेम्पोवाल्याचं नाव काहीही असो, त्याला सगळे सावकाशराव म्हणत. केस पांढरे, चाल संथ, गाडी त्याहून संथ. मागून कितीही हॉर्न वाजले तरी तो खिडकीतून हात बाहेर काढून सावकाश, सावकाश अशी खूण करायचा. ताईला तो फार मानायचा, आणि थोडा भ्यायचाही. टॉवेलांच्या त्या प्रकरणात ताईने त्याला जे सुनावलं होतं ते तो अजून विसरला नव्हता.

त्या दिवशी बाळ उजाडल्यापासून रडत होतं. मशीनचाही उपयोग होत नव्हता. दुपारी बाकीचे जेवायला पुढच्या खोलीत गेले. ताई बाळाला घेऊन मागच्या दाराशी, मशीनच्या जवळ, येरझाऱ्या घालत होती. बाळाने दूध ओकलं, तिच्या मानेवरून पाठीत गेलं. तिने बाळाला समोर धरलं, म्हणाली, "काय हवंय तुला? सांग ना, काय हवंय?" आणि तिच्या लक्षात आलं की आपला आवाज चढलाय. आवाजच नाही, बोटंही. बाळाच्या दंडांवर तिच्या अंगठ्यांच्या खाली कातडी पांढरी पडली होती. तिने बोटं सैल केली. त्या जागी हळूहळू लाल वळ उमटले.

डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिला आठवलं. सुरक्षित जागी ठेवा, आणि दुसरीकडे जा.

समोर एक रिकामी टोपली होती. तिने ड्रायरमधून नुकतेच निघालेले गरम टॉवेल आधी हाताने चाचपून पाहिले, कोमट झालेले निवडले, तळाशी अंथरले आणि बाळाला मधोमध निजवलं. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड थेट बाळाच्या डोळ्यांत येत होता. तिने एक पातळ पांढरं कापड वर टाकलं. वेताची टोपली, चहूबाजूंनी हवा खेळते, असं ती स्वतःशी म्हणाली. मग ती बाजूच्या अंगणात नळावर गेली, तोंड धुतलं, मान धुतली, आणि नळाच्या कट्ट्यावर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

आतून रडणं ऐकू येत होतं. मग ते कमी झालं. मग थांबलं.

मशीन फिरत होतं. ताईने डोळे मिटले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्या कानांना काही ऐकायचं नव्हतं. उठून बघायला हवं, हे तिला कळत होतं. पण गेले आणि चाहूल लागून उठली तर? जराशी झोपू दे. ती आणखी थोडी बसली. त्या शांततेला ती भुलली, आणि हे ती पुढे कधीच स्वतःला माफ करू शकली नाही.

ती आत आली तेव्हा मागच्या दाराशी टोपली नव्हती.

पहिल्यांदा तिला काही वाटलं नाही. कुणीतरी सरकवली असेल. तिने मशीनच्या मागे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. दाराशी तयार टोपल्यांची जी रांग सकाळपासून उभी होती, तीही नव्हती. ओलसर जमिनीवर वेताच्या बुडांचे कोरडे गोल उरले होते. आणि तेव्हा तिला तिच्या हातांनी काय केलं होतं ते आठवलं. कापड टाकून ते थांबले नव्हते. एक कोपरा, दुसरा कोपरा, तिसरा, चौथा. नीट, घट्ट, आत खोचलेले.

"चिमणे," तिने हाक मारली. हाक अशी आली की पुढच्या खोलीतले सगळे घास टाकून उठले.

"सावकाशराव येऊन गेले का?"

"आत्ताच गेले. तुम्ही अंगणात होतात, म्हणाले, ताईंना त्रास नको, टोपल्या झाकल्यात." चिमणीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या गोधडीकडे, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. बोलणारी चिमणी गप्प झालेली लाँड्रीने प्रथमच पाहिली.

कुणीतरी सावकाशरावांना फोन लावला. फोन लाँड्रीतच वाजला, खिडकीत, चार्जिंगला लावलेला.

चिमणीची स्कूटर होती. ताई मागे बसली. स्कूटर सुरू होईपर्यंत तिला बोलता येत होतं, "मोठ्या हॉटेलाला, मागचं गेट, तिथेच पहिलं जातात," एवढं तिने नीट सांगितलं. नंतर तिची दातखीळ बसली. कारण आता तिला दिसायला लागलं होतं. टेम्पोत टोपल्या कशा लावायच्या हेही तिनेच शिकवलं होतं. एकावर एक, तळ खालच्या टोपलीच्या कापडावर घट्ट बसेल अशा, म्हणजे वाटेत हलत नाहीत आणि धूळ जात नाही. हवाही जात नाही. ओल्या लाकडासारख्या जड चादरींच्या टोपल्या. जी आधी उचलली ती खाली. दाराच्या सगळ्यात जवळ कुठली होती? जी तिने ठेवली ती.

सिग्नल लागला. रस्त्यावर एक माणूस केळी निवडत होता, एक बाई फोनवर हसत होती. या सगळ्यांना काही झालेलं नाही, हे तिला चमत्कारिक वाटलं. ती कान देऊन ऐकत होती. एवढ्या गाड्यांच्या आवाजात कुठून तरी ते रडणं ऐकू येईल म्हणून. ज्या आवाजापासून पळायला ती नळावर जाऊन बसली होती, त्याच्यासाठी ती आता जीव कानात आणून बसली होती. काय सांगू धाकटीला, हा विचार आला आणि तिने तो तिथेच तोडला. तो पुन्हा आला. तुझ्याकडे असली की मला झोप लागेल.

"सावकाश चालवतात ते," चिमणी पुढून ओरडून म्हणाली. "गाठू आपण."

नाही गाठलं. हॉटेलाच्या मागच्या गेटात टेम्पो उभा होता, मागचं फळकूट उघडं, आत काही नाही. ताई धावत कपड्यांच्या खोलीत शिरली. टोपल्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या होत्या. तिथे कपडे मोजून घेणाऱ्या बाईने "अहो, अहो" म्हणेपर्यंत ताईने वरची टोपली खाली ओढली, कापड उपसलं. चादरी. दुसरी. चादरी. तिसरी ओढताना तिची नखं वेतात अडकली. अभ्रे. चौथी. इस्त्री केलेल्या घड्या जमिनीवर पसरत होत्या आणि ती त्यांवरून चालत होती. सगळ्यात खालची टोपली राहिली. तिच्या कापडाला हात लावायची तिची हिंमत होईना. ती गुडघ्यांवर बसली. चिमणीने तिच्या खांद्यावरून हात घालून ते कापड काढलं.

टेबलावरची कापडं. त्याखाली टेबलावरचीच कापडं.

सावकाशराव दाराशी पाण्याचा पेला घेऊन उभे होते. "ताई, काय झालं? माल चुकला का?"

"एक टोपली," ताई म्हणाली. "आणखी एक."

"ती हलकी? ती पुढे आहे, माझ्या शेजारच्या सीटवर. हलकी होती, मागे ठेवली असती तर वळणावर उलटली असती. म्हटलं पडदे असतील, पुढच्या..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती बाहेर होती. मघाशी ती याच गाडीला वळसा घालून आत धावली होती, हाताच्या अंतरावरून. काचा अर्ध्या उघड्या, सीटवर ऊन, आणि उन्हात टोपली. चारही कोपरे नीट खोचलेले. आतून आवाज नाही.

तिने कापड ओढलं.

बाळ होतं तसंच होतं, मधोमध. डोळे मिटलेले, केस घामाने कपाळाला चिकटलेले, एक मूठ गालाशी. हलत नव्हतं. ताईने हात पुढे नेला आणि तो बाळापर्यंत पोचेना. तिला माहीत नव्हतं, हे झोपलेलं बाळ आहे की नाही. या मुलीला इतकी गाढ झोपलेली तिने कधी पाहिलीच नव्हती, मग ओळखायचं कशावरून?

तिने बाळाचा पाय धरला आणि तळव्यावर टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली, जोरात.

भुवया आखडल्या. ओठ वाकडे झाले. आणि त्या चिमुकल्या छातीतून असा टाहो निघाला की हॉटेलच्या मागच्या खिडक्या उघडल्या.

"रड," ताई म्हणाली. "रड गं माझे आई. रड." आणि तिने तिला उचलून छातीशी धरलं, हात न पुसता.

सावकाशराव फुटपाथवर मटकन खाली बसले. पेला त्यांच्या हातातून कधी पडला त्यांना कळलं नाही. मग एवढंच म्हणाले, "झाकली होती हो ताई."

"हो," ताई म्हणाली. "मीच झाकली होती."

डॉक्टरीणबाईंनी बाळाला उघडं करून तपासलं, छाती ऐकली, ताप पाहिला. उन्हाने अंग थोडं तापलं होतं, दूध पोटात गेलं की ठीक होईल. दंडावरच्या वळांकडे त्यांनी पाहिलं आणि मग ताईकडे. ताईने त्यांना सगळं सांगितलं. टोपलीचं सांगितलं आणि टोपलीच्या आधीचंही. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत; त्या म्हणाल्या, "तुम्ही एकट्या हे करू शकत नाही. आणखी कुणीतरी हवं बरोबर." चिमणी म्हणाली, मी आहे. ताईने नेहमीप्रमाणे नको म्हटलं नाही.

हॉस्पिटलात भेटायच्या वेळी ताई वॉर्डात गेली. चिमणी बाळाला घेऊन खाली बसली. धाकटीचा ताप उतरला होता, तोंडावर तेज आलं होतं. तिने हसून विचारलं, "फार छळते का गं?"

सांगितलं नाही तर चालणार होतं. बाळाला काही झालं नव्हतं. चिमणीने शपथ घेतली होती, सावकाशराव तर स्वतःहून म्हणाले होते, बाळंतिणीला कशाला घोर. वाटेत ताईनेही तसंच ठरवलं होतं. पण धाकटी तिच्याकडे बघत होती, लहानपणी शाळेच्या फाटकातून बघायची तशी, ताई आली म्हणजे आता सगळं ठीक. ताईला ती नजर सोसेना. तिने खाली बघून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

धाकटी ऐकत होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे पाहुणे आले होते, ते सफरचंद कापत होते. ताईचं सांगून झालं तेव्हा धाकटीने उशीवरून मान उचलली. मग म्हणाली, "आता कुठाय?"

"खाली. चिमणीजवळ. रडतेय."

धाकटीने मान खिडकीकडे केली. "मला ऐकू येत नाही."

"तीन मजले खाली आहे गं."

"मला ऐकू येत नाही, ताई." ताईने तिचा हात धरला. धाकटीने तो सोडवून घेतला नाही आणि धरलाही नाही. मग ती म्हणाली, "माझ्याकडे दुसरं कुणी नाही. मला अजून उठता येत नाही. घेऊन जा तिला. पण दर तासाला मला फोन कर. बोलू नकोस. तिचं रडणं ऐकव."

ताईने मान हलवली.

संध्याकाळी घरात चिमणीने भात टाकला होता. ताईने पहिला फोन केला आणि फोन बाळाच्या तोंडाशी धरला. बाळाने कसर ठेवली नाही. पलीकडून कुणी काही बोललं नाही, फक्त फोन ठेवल्याचा आवाज आला. तासाने पुन्हा तसंच. ताईला वाटलं, हे रडणं आता कधी थांबू नये. तिच्याजवळ धाकटीला द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं.

दिवे लागून थोडा वेळ झाला आणि बाळ तिच्या मांडीवर गप्प झालं. मशीन नाही, नळ नाही, पंखा नाही. ताईने ते तिचं धुलाईचं गाणं नुसतं पुटपुटलं होतं. बाळाने एकदा जांभई दिली, गाल तिच्या पोटाला लावला आणि झोपलं. इतके दिवस जे जमलं नव्हतं ते जमलं. चिमणी स्वयंपाकघराच्या दारात पळी हातात घेऊन जागीच उभी राहिली. ताई श्वासही जपून घेत होती.

फोन वाजला. धाकटीने तासाची वाट पाहिली नव्हती.

"झोपली गं," ताई कुजबुजली. "आपल्या आपण झोपली. पहिल्यांदाच."

पलीकडे शांतता.

"हे बघ, फोन तिच्या नाकाशी धरते. श्वास ऐक." तिने धरला. थोड्या वेळाने परत कानाला लावला.

"काही ऐकू येत नाही," धाकटी म्हणाली.

"पोट हलतंय तिचं. माझा हात आहे वर. नीट हलतंय, देवाशपथ."

"तू सांगतेस, ताई." धाकटी रडत नव्हती, ओरडतही नव्हती. अगदी हळू बोलत होती. "तू सांगितलेलं पुरत नाही गं मला आता."

ताई त्या झोपलेल्या तोंडाकडे बघत राहिली. ओठ अर्धवट उघडे होते, दुधाचा एक थेंब कोपऱ्यात वाळला होता. चिमणी दारातून मान हलवून नको, नको म्हणत होती. ताईने फोन जमिनीवर ठेवला, बाळाच्या अंगावरचं पांघरूण काढलं आणि दोन्ही हातांनी तिला उचलून उभं धरलं. बाळ दचकलं, त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि जीव तोडून रडायला लागलं.

ताईने फोन उचलून जवळ धरला. या खेपेला धाकटीने तो लगेच ठेवला नाही.